कंपनीच्या घरचं पाणी

माझी नोकरी नेमकी काय आहे, हे माझ्या नवऱ्याला मी निवृत्त होईपर्यंत समजलं नाही. कुणी विचारलं की ते ऐटीत सांगायचे, "ही पोरी देती कंपन्यांना." ऐकणारा जरा मागं सरकायचा. मी घरी आल्यावर भांडायचे, की अहो, असं काय सांगता, लोक काय समजतील? ते म्हणायचे, "मग काय सांगू? तूच सांग एका वाक्यात." ते एक वाक्य मला कधी जमलं नाही, म्हणून इथं बऱ्याच वाक्यांत सांगते.

आमच्या बिदर-कलबुर्गी भागात तालुक्यातालुक्याला रोजगाराची, कौशल्याची लहान-मोठी केंद्रं आहेत. काम मागणारी पोरं तिथं नाव नोंदवतात, फोटो चिकटवतात आणि घरी जाऊन वाट बघतात. दुसरीकडं कारखाने आहेत. त्यांना माणसं पाहिजे असतात आणि तेही वाटच बघत असतात. ह्या दोघांची गाठ घालून द्यायची, हे माझं काम. कंपनी काय मागते ते केंद्रांना समजावून सांगायचं, गाव काय म्हणतं ते कंपनीला. इथं सगळेच कन्नड, मराठी, दखनी बोलतात, त्यामुळं भाषेची अडचण कधी आली नाही. अडचण अशी, की एकमेकांचं बोलणं त्यांना स्वच्छ समजायचं आणि तरी भलतंच काहीतरी व्हायचं. पुष्कळ पोरं मी कामाला लावली. पुष्कळ परतही आली, पेटी घेऊन, मान खाली घालून, आणि त्यांची तोंडं मला अजून आठवतात.

भालकीच्या केंद्रात वैजनाथ नावाचा माझा सहकारी होता. उत्साही माणूस. त्याच्या उत्साहापायी मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. एकदा पंप बनवणाऱ्या एका कारखान्यानं मागणी पाठवली, 'नेतृत्वगुण असलेले हेल्पर पाहिजेत.' आता हेल्पर म्हणजे पेट्या उचलणारा, झाडून घेणारा माणूस. त्याला नेतृत्वगुण कशाला लागतात कुणास ठाऊक, पण कंपन्यांच्या मागणीत तो शब्द असतोच. वैजनाथनं तो मनावर घेतला आणि ग्रामपंचायतीचे माजी सदस्य निवडून पाठवले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पेट्या होत्या तिथंच होत्या, हेल्परांत दोन गट पडले होते आणि कँटीनच्या आचाऱ्यावर अविश्वासाचा ठराव आला होता.

मी फोनवर ओरडले, "अरे, असली माणसं कामून पाठवलास?"

"अक्का, नेतृत्व म्हणालते की ते," वैजनाथ शांतपणे म्हणाला. "ह्याच्याहून जास्त नेतृत्व माझ्या तालुक्यात न्हाई."

मी गोळी घेतली. आणि ह्याच वैजनाथच्या तोंडून पुढं जे एक वाक्य निघालं, त्याची ही हकीगत आहे.

बिदरच्या बाहेर औद्योगिक वसाहतीत बेंगळूरच्या एका कंपनीनं नवा कारखाना टाकला. ट्रॅक्टरमध्ये बसणारे सेन्सर तिथं व्हायचे. सेन्सर म्हणजे इंजिन तापलं, तेल कमी झालं, की चुगली करणारा नखाएवढा तुकडा. हिरव्या पातळ पट्टीवर तिळाएवढे भाग भिंगातून बघत बसवायचे आणि त्यांना कथलाचा डाग द्यायचा. हात स्थिर पाहिजे, डोळा तेज पाहिजे. कंपनीला ह्या कामासाठी मुली पाहिजे होत्या. त्यांच्यासाठी वसतिगृहही बांधून ठेवलं होतं. भरतीचं बघणारा मॅनेजर कार्तिक म्हणून होता, बेंगळूरचा, लग्न न झालेला, अतिशय गोड पोरगा. तो रडकुंडीला आला होता. गावोगाव जाहिराती लावल्या आणि एक मुलगी फिरकली नाही.

मी आणि वैजनाथ मेहकरला गेलो. भालकी तालुक्यातलं शेतीचं गाव, पोरी शिकलेल्या, पण कॉलेज झालं की घरात. आम्ही काम समजावून सांगितलं तोवर सगळे ऐकत होते. वसतिगृहाचं नाव काढल्याबरोबर लोक धोतर झटकत उठायला लागले. तेव्हा वैजनाथ ओरडला,

"अहो, लगीन करून लातूरला, उदगीरला देताव का न्हाई लेकी? तिथं कोण वळखीचं असतंय? कंपनी म्हंजी सासरच समजा की!"

मला ते इतकं पटलं की मी जोरात मान डोलावली. लोक थांबले. त्यांच्यात शिवलिंगप्पा होते. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आवाज जाड. त्यांची धाकटी लेक महादेवी नुकतीच बारावी झाली होती. मला त्यांनी आल्या आल्या स्वतःच्या तांब्यातलं पाणी स्वतः ओतून दिलं होतं, म्हणून ते माझ्या लक्षात राहिले होते. ते परत खाली बसले.

"सासर म्हणालाव तर मग घर बघावं लागतंय," ते म्हणाले. "घर न बघता लेक कोण देतंय?"

आणि मेहकर खरोखरच घर बघायला आलं. म्हातारे, बायका, सगळे जीप भरून. कार्तिकनं पडद्यावर दाखवायला कंपनीच्या प्रगतीचे आलेख तयार ठेवले होते. त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. शिवलिंगप्पांनी आधी पाणी कुठलं ते विचारलं, मग बोअर उन्हाळ्यात आटतं का ते. बायकांनी वसतिगृहाच्या कड्या आतून लावून बघितल्या, संडास बघितले, पिठाच्या डब्यात हात घातला आणि कँटीनच्या आचाऱ्याला ज्वारीची भाकरी थापून दाखवायला लावली. त्याची भाकरी तव्यावर फाटली, तेव्हा सगळ्यांनी एकमेकींकडं बघितलं. तो बिचारा घामाघूम झाला होता.

मग कार्तिकला मध्ये बसवलं.

"मूळ कुठलं तुमचं?"

"हासनकडचं."

"वडील?"

"शिक्षक आहेत."

"आन कंपनीचं?"

कार्तिकला वाटलं हा धंद्याबद्दलचा प्रश्न आहे. तो हुशारीनं म्हणाला, "आमची मूळ कंपनी बेंगळूरला असते. तिला आम्ही मदर कंपनी म्हणतो. सगळे निर्णय तिथंच होतात."

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. "म्हंजी सासू बेंगळूरला. कारभार तिच्याच हातात."

"लांब हाय," एक जण काळजीनं म्हणाला.

"लांब हाय ते बरंच हाय की!" मागून एक बाई म्हणाली, आणि बायकांच्या बाजूनं होकार तिथंच ठरला.

पुढच्या आठवड्यात मेहकरात सुपारी फुटली. कार्तिकला बोलावून टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. लोक त्याला 'बीगरू' म्हणायला लागले. कन्नडात बीगरू म्हणजे व्याही. पंचविशीचा पोरगा आणि अख्ख्या मेहकरचा व्याही! गावात आला की म्हातारे उठून उभे राहायचे, त्याला गादीवर बसवायचे. मला म्हणाला, "मॅडम, हे लोक मला इतका मान का देतात?" मी म्हटलं, देतायत तर घे बाबा. त्यानं बेंगळूरला कळवलं की स्थानिक समाजाशी आपले संबंध उत्तम आहेत.

पोरी निघाल्या त्या दिवशी बायकांत कडाक्याचा वाद झाला. सासरी जाणाऱ्या लेकीची ओटी भरायची, पण ह्या तर लग्न न झालेल्या, ह्यांची ओटी भरायची कशी? न भरता पाठवायचं तर तेही जिवावर येत होतं. शेवटी पोरींच्या पेट्यांची ओटी भरली. प्रत्येक पेटीला हळदकुंकू लावलं, वर तांदूळ, खण आणि नारळ ठेवला. गाडी निघाली तशा आया रडायला लागल्या, ते बघून वैजनाथही रडला. मी त्याला म्हटलं, गप रे, तुझी कोण लागते?

गाडीत महादेवी माझ्या शेजारी बसली होती. काळी-सावळी, बारीक, जिभेची तिखट. ती मात्र रडत नव्हती.

"अक्का, असलं सासर नशिबानं मिळतंय," ती म्हणाली. "नवरा न्हाई आन सासू बेंगळूरला."

मी हसले. पण मग ती माझ्या कानाशी येऊन हळू बोलली, "बसवकल्याणचा एक पोरगा अप्पानं बघून ठेवलाय. किराणा दुकान हाय त्याचं. वाईट न्हाई तो. पर मला जन्मभर तराजूमागं बसायचं न्हाई. हितं जमलं तर वाचले. कंपनीनं परत धाडलं, की त्याच महिन्यात अक्षता."

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. मी म्हटलं, जमेल गं. असं मी प्रत्येकीलाच म्हणत असे, पण हिला म्हणताना मला स्वतःलाच भीती वाटली.

आणि जमेना. पोरी शिकल्या भराभर, भिंग वापरायला लागल्या, पण माल पसंत होत नव्हता. कारण काय, तर हात थरथरायचे. कारखान्यात समोरच्या भिंतीवर भलामोठा पडदा होता. रोज सकाळी त्यावर बेंगळूरहून ललिता मॅडम यायच्या, मूळ कंपनीतल्या मोठ्या अधिकारी. आधी त्या सगळ्यांना उत्साह यावा म्हणून भाषण करायच्या. मग कॅमेऱ्यातून एकेकीचं काम बघत नाव घेऊन बोलायच्या. भिंतीएवढं तोंड 'महादेवी!' म्हणालं की महादेवीच्या हातातला तुकडा उडून जायचा. बाई मनानं वाईट नव्हत्या, पण भिंतीएवढं झाल्यावर कुणाचंही तोंड भीती वाटण्यासारखंच दिसतं.

त्यातच कार्तिकनं मला बाजूला घेऊन सांगितलं की ट्रॅक्टरवाल्या गिऱ्हाइकाचा तपासनीस येणार आहे. त्यानं पहिला माल पसंत केला तर काम इथं राहील. नापसंत केला तर यंत्रं उचलून दुसऱ्या राज्यात जातील आणि पोरी घरी. हे मी महादेवीला सांगितलं. त्या दिवशी ती जेवली नाही असं वसतिगृहाची बाई म्हणाली.

ज्येष्ठी पुनवेची बैलांची कारहुणवी झाली, आषाढ लागला. आणि एका सकाळी कारखान्याच्या फाटकावरचा रखवालदार खाजामियाँ, त्याचा फोन आला.

"म्याडम, जल्दी आओ. मेहकर के बुढे लोगां आके बैठे. पानी बी नै पी रैं, चाय बी नै पी रैं." मागं रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत होता.

मी बिदरातल्या मैलूरच्या घरून तशीच रिक्षात बसले. पोचून बघते तर फाटकाबाहेर लिंबाखाली घोंगडं टाकून शिवलिंगप्पा आणि मंडळी बसलेली. बाजूला टेम्पो उभा. त्यांच्यापुढं ताटात पाण्याचे पेले ओळीनं भरून ठेवलेले, एकालाही हात लावलेला नाही. एक नर्स शिवलिंगप्पांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघत होती. कंपनीचा एक माणूस सगळ्याचं मोबाइलवर चित्रण करत होता, आणि कार्तिक हातात लिंबाच्या सरबताचा पेला घेऊन येरझारा घालत होता.

"मॅडम, उपोषण!" तो म्हणाला.

झालं होतं असं. मंडळी सकाळीच आली आणि म्हणाली, 'पोरींना न्यायला आलाव.' कार्तिकनं आधी त्यांना सावलीत बसवलं. त्यानं पाणी पुढं केलं, तर सगळ्यांनी हात जोडले. 'न्हाई, हितलं पाणी आमाला चालत न्हाई.' कार्तिकनं बेंगळूरला कळवलं. ललिता मॅडमनी ताबडतोब ओळखलं की हे उपोषण आहे, आणि सूचना दिल्या: बोलणी करू नका, चित्रण करा, डॉक्टर बोलवा, उपोषण सोडवायला सरबत तयार ठेवा. पोरगा शहाणा, त्यानं सगळं तसंच केलं.

अडचण एवढीच झाली की न्याहारीची वेळ झाली. उपोषणकर्त्यांनी गठुडी सोडली आणि भाकरी, शेंगाची चटणी, दही असं पोटभर जेवले. घरून आणलेल्या घागरीतलं पाणी प्यायले आणि ढेकर दिले. ते सगळं चित्रणातून बेंगळूरला दिसलं. तिकडून प्रश्न आला, उपोषण साखळी पद्धतीचं आहे का?

पण मला हसू येत नव्हतं. माझं लक्ष त्या पेल्यांवर खिळलं होतं. आम्ही बौद्ध. माझ्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय. कोण कुणाचं पाणी पीत नाही आणि का पीत नाही, हे मला शिकवायला नको. कारखान्यात पाणी भरणारी बाई आमच्याच समाजातली, मीच तिला कामाला लावलेलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेहकरात स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं ते काय नाटक होतं? मी तरातरा शिवलिंगप्पांपुढं जाऊन उभी राहिले.

"अप्पा, हितलं पाणी कामून चालत न्हाई? कोण भरलंय म्हणून चालत न्हाई? सांगा की तोंडावर!"

ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांना माझ्या बोलण्याचा अर्थ लागला आणि त्यांचा चेहराच पडला. दंडाचा पट्टा ओढून काढून ते उभे राहिले.

"अगं बाई, काय बोलायलीस तू? बसवण्णाचं नाव घेतोय म्या, आन असलं मनात तरी आणीन व्हय?" त्यांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "लेक दिल्या घरचं पाणी बाप पेतोय का? लेकीला लेकरू होईस्तवर तिच्या घरचं पाणी माहेरच्या माणसाला चालत न्हाई. तुला ठावं न्हाई हे?"

मी मटकन घोंगड्यावर बसले. शिवलिंगप्पाही बसले, पण आता चिडायची पाळी त्यांची होती.

"आन तू कशी पेतीस ग हितला चहा?" ते म्हणाले. "म्या बघायलोय कवाधरनं. तू मुलीकडची हायस का मुलाकडची?"

"मी मधली, अप्पा."

"मधली कशाची? पोरी तू आणून दिलीस. तू आमची. तुलाबी हितलं पाणी चालत न्हाई."

काय सांगू, माझे डोळे भरून आले. पाणी न पिण्यामुळं माणूस लांब ढकलला जातो, हे मला माहीत होतं. पाणी न पिण्यामुळं कुणी मला आपल्यात ओढून घेईल, असं कधी वाटलं नव्हतं. मी पदर डोळ्यांना लावला. कार्तिकला वाटलं मीही उपोषणाला बसले. त्यानं धावत येऊन सरबताचा पेला माझ्यापुढं धरला.

मी सरबत बाजूला सारलं आणि त्याच्या फोनवरून ललिता मॅडमना सगळं समजावून सांगितलं. हे आंदोलक नाहीत, हे तुमचे व्याही आहेत.

"करारात असं कुठं लिहिलेलं आहे?" त्या म्हणाल्या.

"लिहिलेलं नाही. सुपारी फुटलीय."

"बरं. मग ते पाणी कधी पिणार?"

"मुलींना मूल झाल्यावर."

पलीकडून बारीक आवाजात प्रश्न आला, "सगळ्यांना एकदम?" आणि कुणाला तरी प्रसूती रजेचे नियम काढायला सांगितलेलं मला ऐकू आलं.

खरं संकट मात्र टेम्पोचं होतं. पहिल्या आषाढात सासू आणि सून एका छताखाली राहत नाहीत, सुनेला माहेरी न्यायचं, ही आमच्याकडची रीत. मेहकर रीतीप्रमाणं लेकींना न्यायला आलं होतं. आणि तपासनीस ह्याच महिन्यात येणार होता. पोरी गेल्या तर माल होणार नाही, माल झाला नाही तर यंत्रं जाणार.

एवढ्यात महादेवी बाहेर आली. निळा कोट, डोक्याला निळी टोपी.

"अप्पा, म्या येत न्हाई."

"यावं लागतंय, महादेवी. रीत हाय. सासूसंगट पहिला आषाढ काढू न्हाई."

"म्या आले तर परत यायला कंपनी ऱ्हात न्हाई!" ती ओरडली, आणि गाडीत न रडलेली ती पोरगी तिथं फाटकात सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. शिवलिंगप्पांनी मान दुसरीकडं वळवली. त्यांनाही ते बघवत नव्हतं, पण रीत मोडवत नव्हती.

मी म्हटलं, "अप्पा, सासू असती कुठं?"

"बेंगळूरला."

"मग हितं कुठाय ती छताखाली?"

"रोज सकाळी येती की भिंतीवर!" महादेवी रडता रडता म्हणाली. "हे एवढं तोंड घेऊन!"

म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. भिंतीवर येणं म्हणजे छताखाली येणंच, ह्यावर एकमत होतं.

"आणि न्हाई आली तर?" मी विचारलं. "आषाढभर तोंड न्हाई दाखवलं, आवाज न्हाई काढला, तर?"

परत कुजबुज झाली. शिवलिंगप्पांनी बराच विचार केला. "मग हरकत न्हाई," ते म्हणाले. "पर पंचमीला आमी नेणार म्हंजी नेणार."

पंचमीची सुट्टी कार्तिकनं तिथल्या तिथं कबूल केली. राहिलं ते सासूला सांगणं. नोकरीत मी मंत्र्यांना नाही म्हटलंय, पण त्या फोनाआधी मी रक्तदाबाची गोळी घेतली. कसंही गुंडाळून सांगितलं तरी त्याचा अर्थ एकच होता, की बाई, महिनाभर तोंड दाखवू नका. मी तसंच सांगून टाकलं. कन्नडात ते आणखीच वाईट वाटलं. कार्तिकनं डोळे मिटून घेतले.

ललिता मॅडम म्हणाल्या, "माझ्या सासूनं मला पहिल्या आषाढात माहेरी पाठवलं नव्हतं. माझी आई वाट बघत होती." आणि म्हणाल्या, "नाही येत मी. सांगा त्यांना."

कार्तिकनं कँटीनमधली फुलाफुलांची चादर आणून पडद्यावर टाकली. टेम्पो रिकामा परत गेला.

आता श्रेय आषाढाला द्या नाहीतर चादरीला, पण पोरींचे हात स्थिर झाले. गप्पा मारत, गाणी गुणगुणत त्या भिंगात बघायच्या. मी जाऊन बसायचे, तर महादेवी मान वर न करता म्हणायची, "अक्का, बाटली आणलीस का घरून?" आणायचीच मी. कारखान्यात चहाचा घोट घेतला नाही, पाण्याचा नाही. कँटीनचा आचारी मनाला लावून घेत होता, त्याला वाटायचं अजून भाकरीचाच राग आहे.

तपासनीस येण्याच्या दिवशी वैजनाथ मेहकरला घेऊन आला. "दिवस भरलेत, अक्का," तो मला म्हणाला, आणि लिंबाखाली सगळे दवाखान्याबाहेर बसावं तसे बसले. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. शिवलिंगप्पा लिंगावर हात ठेवून डोळे मिटून होते. तपासनीस म्हणजे कोरडा माणूस, तोंडावर रेघसुद्धा हलायची नाही. त्यानं चादरीकडं बोट दाखवून विचारलं, हे काय? कार्तिक म्हणाला, आषाढ. तपासनीस भिंगाखाली माल बघत बसला. मला बसवेना म्हणून मी बाहेर येऊन अप्पांच्या शेजारी बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडलं आणि महादेवी पळत आली. टोपी कुठंतरी पडली होती. हातात गुलाबी पातळ पिशवी, तिच्यात हिरवी पट्टी.

"पास झालं!" ती म्हणाली. "सगळं पास झालं, अप्पा!"

शिवलिंगप्पांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. तिनं पिशवी ओंजळीत ठेवली. त्यांनी ती उन्हात धरून खालून-वरून बघितली.

"एवढंच?"

"व्हय."

"बोलतंय का?"

"इंजिन तापलं की बोलतंय."

"मग तुझ्यावर गेलंय," ते म्हणाले, आणि डोळे पुसून त्यांनी हाक मारली, "पाणी आणा रे!"

खाजामियाँ स्वतः ताट घेऊन आला. अप्पांनी एक पेला उचलला, दुसरा मला दिला. "घे. आपण एकदमच पिऊ." ते कारखान्यातल्या थंड पाण्याच्या यंत्रातलं पाणी इतकं गार होतं की दात ठणकले. कार्तिकनं त्याचं चित्रण करून बेंगळूरला पाठवलं. तिकडून उत्तर आलं, उपोषण मागे घेतल्याची नोंद केली आहे.

महादेवी तिथंच उभी होती, कोटाचं टोक मुठीत धरून.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "आन बसवकल्याण?"

शिवलिंगप्पांनी पेला पालथा केला, मिशा पुसल्या आणि तिच्याकडं असं बघितलं, जणू पोरीचं डोकं फिरलंय.

"येडी हायस का काय? एकदा दिलेली लेक दुसऱ्या घरी देतेत व्हय?"